बिळापाशी ठेवलेला मका

आमचं मूळ गाव पाण्याखाली आहे. मी ते पाहिलेलं नाही. माझ्या जन्माच्या थोडं आधी धरणाचं पाणी चढलं आणि आजोबा, आजी, आई, बाबा, दोन म्हशी आणि देवघर असं सगळं एका ट्रकात घालून सोलापूरकडच्या माळावर आणून उतरवलं. मागं राहिली भातखाचरं, फणस आणि बारमाही ओढा. पुढं होती कुसळं, मुरूम आणि पत्र्याची शेड. भात लावणाऱ्या माणसांना बाजरीची जमीन मिळाली. आजोबांनी पहिल्या वर्षी तिथं भातच पेरून पाहिला. सगळा गाव बघायला आला होता म्हणे. हसायला.

आम्ही शाळेत जायला लागलो तेव्हाही आम्हाला कोणी नावानं हाक मारत नसे. "ए धरणग्रस्त, फळा पूस." बाबा दुसऱ्याच्या उसात राबायचे, आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. दुष्काळाच्या एका वर्षी आईनं आम्हा भावंडांना चिंचोके उकडून घातले आणि वर दम दिला, "शाळंत कुणाला सांगायचं न्हाई." मी आज सांगते. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, हे मला उशिरा कळलं एवढंच. बारावीत मी शाळेत पहिली आले, पण कॉलेज तालुक्याला होतं आणि मुलीला रोज एकटीला एसटीनं पाठवणं घरात कुणाला पटेना. लग्न झालं आणि मी विलासच्या मागोमाग अजमानला आले. विलास एसी दुरुस्तीचं काम करतो.

हे आधी सांगितलं, कारण लोरेटाबद्दल लिहायला बसले की मला पहिल्यांदा पाणीच दिसतं. तिचंही गाव पाण्याखाली होतं.

शारजातल्या एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत मी पाचवीच्या वर्गावर मदतनीस होते. मदतनीस म्हणजे वह्या वाटायच्या, रांगा लावायच्या, कोण उलटी करतंय ते बघायचं. बी.ए.ला मुक्त विद्यापीठात नाव घातलं होतं, पण पहिल्याच वर्षी अडकून पडले होते. शाळेनं स्पष्ट सांगितलं होतं, की पुढं पदवी नसेल तर मदतनीस म्हणूनही ठेवता येणार नाही. त्या वर्षी समाजशास्त्र शिकवायला अमेरिकेहून नवीन बाई येणार म्हणून सगळे वाट बघत होते.

आली ती साठीची, उंच, गव्हाळ, पाठीवर करड्या केसांची एकच वेणी. रिसेप्शनवर आमची फरीदा बसते, रत्नागिरीकडची. ती मला बाजूला ओढून म्हणाली, "अगं, ही कसली अमेरिकन? ही तर आमच्या हर्णैच्या खालासारखी दिसते. आता बघ, पालक माझं डोकं खाणार."

तसंच झालं. एक आई आठवड्याभरात काउंटरवर येऊन म्हणाली, की आम्ही फी भरतो ती नेटिव्ह टीचरसाठी. लोरेटा मागंच उभी होती. तिनं बराच वेळ घेतला आणि मग अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "मॅडम, माझ्यापेक्षा नेटिव्ह तुम्हाला कुठे मिळणार?" आणि तोंडावर हात ठेवून हसली. ती हसताना कायम तोंडावर हात ठेवायची. ती लाकोटा होती. गोरे लोक पूर्वेकडून गाड्या जुंपून यायच्या कितीतरी आधीपासून त्या मोकळ्या गवताळ मुलखात राहणाऱ्या लोकांपैकी.

आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, तिचं सावकाश आणि माझं मोडकं. इथं मी ते मराठीत लिहिते आहे. आणि तिला ‘ती’च म्हणणार आहे. त्याचं कारण आहे. शाळेत झाडलोट करणाऱ्या बाईंना मी मावशी म्हणते हे तिनं ऐकलं आणि विचारलं, "ही तुझ्या आईची बहीण?"

"नाही. असंच म्हणतो आम्ही."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "आमच्यातही माणसाला नात्यानं हाक मारतात. मिस ही कुणाचीच कुणी नसते." दुसऱ्या दिवसापासून तिच्या वर्गातल्या पोरांनी गेटवरच्या पठाणाला ‘चाचा’ आणि बसमधल्या बाईला ‘आंटी’ म्हणायचं असा नियम झाला, आणि दोघीच असलो की मी तिला मावशी म्हणायला लागले. मावशीला कोण अहोजाहो करतं?

तिच्या गप्प राहण्याबद्दल सांगितलंच पाहिजे. प्रश्न विचारला की ती लगेच उत्तर देत नसे. प्रश्न खाली बसू द्यायची, मग बोलायची. ऑनलाइन मीटिंगमध्ये यामुळे फार गोंधळ व्हायचा. "मिस लोरेटा, यू आर फ्रोझन," असं सुपरवायझर सांगायचे आणि लाइन तोडून परत जोडायला लावायचे. ती जोडायची आणि मग मघाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची. बोट दाखवणं तिला उद्धटपणाचं वाटे, म्हणून दिशा ती ओठ पुढं काढून दाखवायची. महिन्याभरात अख्खी पाचवी ओठांनी फळा, दार आणि एकमेकांचे डबे दाखवायला लागली. प्रार्थनेच्या आधी ती मैदानाच्या कडेला चपला काढून वाळूत उभी राहायची. मी विचारलं तर म्हणाली, "या जमिनीला मी कोण ते सांगते. न विचारता आले ना."

आणि रोज सकाळी मला एकच प्रश्न. "आज कुठलं पान?"

म्हणजे माझ्या पुस्तकाचं. बी.ए.चं. पहिल्यांदा मी थाप मारायला गेले, तर ती नुसती बघत राहिली. त्यानंतर मी अजमानहून येणाऱ्या बसमध्ये खरोखरच वाचायला लागले. शारजाच्या ट्रॅफिकनं माझ्यावर उपकार केलेत. बस जितकी अडकायची तितकी माझी पानं व्हायची.

तिच्याकडे एक निळा पत्र्याचा मग होता, कडा उडालेला. त्यात ती पाण्यासारखी पातळ कॉफी प्यायची. एकदा मी सहज म्हटलं, "किती छान मग आहे." तिनं कॉफी संपवली, तो मग धुतला, पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. "तुझा."

"अगं नको नको, कशाला!" मी म्हटलं. आपल्याकडे म्हणतोच आपण. निदान दोनदा तरी नको म्हटल्याशिवाय काही हातात घेणं म्हणजे हावरटपणा. मी तिसऱ्यांदा नको म्हटलं तेव्हा तिचा चेहरा पडला. तो मग तिथंच ठेवून ती उठून गेली. मला वाटलं, चला, सुटले. फरीदानं मला झापलं. "येडी आहेस का तू? आमच्यात पण कुणी देत असेल आणि तू नाही म्हटलंस तर त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं आहे. उठ, जा, घेऊन ये. यल्ला!"

मी गेले, तो मग दोन्ही हातांनी उचलला आणि म्हटलं, "थँक्यू, मावशी." ती इतकी खूश झाली की तिनं सोबत चमचाही दिला. त्यानंतर तिच्या घरी गेले की मी तोंडाला कुलूप लावायची. पडदे छान आहेत असं एकदा अगदी ओठावर आलं होतं, गिळलं. फरीदा मात्र तिच्या कानातल्या मण्यांच्या झुब्यांना कधीतरी छान म्हणून गेली होती. ते पुढं येईलच.

मधल्या सुट्टीत ती शिवत बसायची. शंकरपाळ्यासारखे कापडाचे लहान लहान तुकडे, एकाला एक जोडून मधून बाहेर वाढत जाणारा एक मोठा तारा. तिच्याकडे त्या गोधडीला मोठा मान असतो. कुणी शिकलं, कुणी लढाईहून परत आलं, कुणी गेलं, तर ती पांघरतात. "आधी हे काम रेड्याच्या कातड्याचं होतं," ती म्हणाली. रानरेडे, त्यांच्याकडचे, केसाळ, कळपानं फिरणारे. मग रेल्वे आली, बंदुका आल्या आणि गोऱ्यांनी कळपच्या कळप मारून सडायला सोडले. रेडा गेला तर हे लोक आपोआप वाकतील हा हिशोब. "रेडे गेले. मुलींना दूर शाळेत नेलं, वेण्या कापल्या, आपली भाषा बोललं की मार. माझ्या आजीला तिथं शिवण शिकवलं, गोऱ्यांच्या घरी कामाला उपयोगी पडावं म्हणून. आजी परत आली आणि तिनं त्याच टाक्यांनी हा तारा शिवला."

"ही कुणासाठी?" मी विचारलं. मला वाटलं, भाची असेल.

"अजून ठरलं नाही. तू पास झालीस की एक ओळ शिवते, एवढंच ठरलंय."

आता तुम्हीच सांगा, असं कुणी म्हटल्यावर माणूस नापास होईल का? झाले, एकदा झाले. इंग्रजीच्या पेपरात. त्या वर्षी मधल्या सुट्टीत तिनं पिशवीतून सुई काढलीच नाही. रागावली नाही, बोलली नाही. नुसती रिकाम्या हातांनी माझ्यासमोर बसून कॉफी प्यायची. पुढच्या खेपेला मी इंग्रजीत बासष्ट मार्क घेतले.

पाचवीच्या पुस्तकात ‘पश्चिमेकडे विस्तार’ असा धडा आहे. नकाशावर पूर्वेकडून पश्चिमेला लांब लांब बाण. लोरेटा नकाशा भिंतीवरून काढून जमिनीवर पसरायची आणि पोरांना पश्चिमेच्या बाजूला बसवायची. "आता बघा. बाण कुठून कुठं जातात?" एक पोरगा म्हणाला, "मिस, दे आर कमिंग अ‍ॅट अस." ती म्हणाली, "हं." तेवढीच शिकवणी.

या धड्यासाठी शाळेत वर्षानुवर्षं एक खेळ व्हायचा. मैदानावर चुन्यानं चौकोन आखायचे, शिट्टी वाजली की पोरांनी छोटे झेंडे घेऊन पळायचं, आणि जो झेंडा रोवेल त्याचा तो प्लॉट. पालक फोटो काढायचे. तिच्या देशात मूळ लोकांची जमीन अशीच वाटली गेली होती, गोऱ्यांना. सगळ्यांना वाटलं लोरेटा या खेळाला नाही म्हणेल. ती म्हणाली, "करू या की." आणि मला विचारलं, "वाळूत लवकर काय उगवतं?"

"मेथी," मी म्हटलं. समुद्रकाठच्या वाळूत लहान मेथी येते, मुंबईला मी पाहिलेली.

मग आमच्या ‘बी’ वर्गानं मैदानाच्या एका कोपऱ्यात मेथी पेरली. दुसऱ्या वर्गाला पत्ता नाही. पोरं रोज बाटल्यांनी पाणी घालायची. कुणी खडे लावून अंगण केलं, कुणी वाट आखली, मीरा नावाच्या मुलीनं चिमणीसाठी वाटी ठेवली. मेथी बोटभर आली त्या आठवड्यात खेळ ठरला. ‘ए’ वर्गाला सांगितलं, मैदान रिकामं आहे.

शिट्टी वाजली. पोरं धावत आली आणि पुढं मेथीत बसलेली आमची पोरं दिसली तेव्हा काही थांबली. बरीचशी थांबली नाहीत. बक्षीस होतं ना. मेथी तुडवली, झेंडे रोवले. आदित्य नावाचा पुण्याकडचा मुलगा मीराच्या वाटीशेजारी झेंडा लावून म्हणाला, "बट इट्स माइन नाऊ, राइट?" लोरेटानं ‘ए’ वर्गाला सांगितलं, आता यांना कुठं ठेवायचं ते तुम्ही ठरवा. त्यांनी आमच्या पोरांना बास्केटबॉलच्या मागच्या सिमेंटच्या पट्टीवर नेलं आणि शब्द दिला, ही जागा कायम तुमची. दहा मिनिटांनी पी.टी.चे सर आले, त्यांना ती पट्टी हवी होती. पोरं पुन्हा उठली. पहिल्यांदा हसत होती. दुसऱ्यांदा मीरा रडायला लागली आणि मग सगळेच.

लोरेटानं भाषण दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आदित्यनं आईकडून मेथीदाण्यांची पुडी आणून ‘बी’ वर्गाच्या दाराशी ठेवली. मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, "बघ मावशी, पोरं किती गोड असतात."

ती म्हणाली, "हो. बी दिलं. परत या असं कुणी म्हणालं नाही. आमच्याकडेही असंच झालं."

पालकांच्या ग्रुपवर त्या आठवड्यात वणवा पेटला. ‘माझ्या मुलाला चोर ठरवलं.’ सुपरवायझरनी तिला बोलावलं. ती इतका वेळ गप्प बसली की शेवटी तेच म्हणाले, ओके, ओके, पुढच्या वर्षी हा खेळ नको. खलास.

त्याच हिवाळ्यात माझी आई व्हिजिटवर आली. लुलू सुपरमार्केटमध्ये दोन दिरहमची मेथीची जुडी बघून ओरडली, "पंचेचाळीस रुपयाची? सोन्याची हाय का?" शुक्रवारी लोरेटा आमच्या अजमानच्या खोलीत जेवायला आली, हातात शिवणाची पिशवी. माझी मुलगी आजीशी इंग्रजीत बोलते, आजी तिच्याशी मराठीत, आणि दोघींचं चालतं. तसंच या दोघींचं झालं. आईनं न विचारता पिशवीतून तारा बाहेर काढला, उलटा केला, टाके बघितले. "हात साफ हाय बाईचा," म्हणाली. मग आमची गोधडी काढून दाखवली, आजीच्या लुगड्यांची. एका हिरव्या काठावर हात ठेवून म्हणाली, "ह्ये बुडीतातलं हाय. गावातलं शेवटचं."

मी लोरेटाला समजावून सांगितलं. धरण, ट्रक, माळ. लोरेटानं त्या काठावरून हात फिरवला.

मग तिनं सांगितलं. मिझुरी नदीच्या काठच्या खोलगट जमिनीत तिच्या आजीचं घर होतं. करार करकरून गोऱ्यांनी सगळा मुलूख आवळत नेला, तरी ती तळातली जमीन त्यांच्याकडे उरली होती. मोठी झाडं, रानप्लम, पाणी, आडोसा. मग सरकारनं नदीवर धरण बांधलं आणि उरलेलं तेही बुडालं. थंडीत घरं हलवली, वरच्या उघड्या माळावर. लोरेटाचा जन्म माळावरचा. "मी ते घर पाहिलेलं नाही," ती म्हणाली, "पण मला त्याची आठवण येते."

हे शेवटचं वाक्य मी आईला दोनदा सांगितलं. माझ्यासारखं हे आणखी कुणाला होत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"काय पिकायचं थितं?" आईनं विचारलं. आई अशा वेळी पिकाचंच विचारते.

लोरेटाचा चेहरा उजळला. तिथं जमिनीखाली एक घेवडा यायचा, म्हणाली, बारीक, गोड. रानउंदीर तो गोळा करून बिळात साठवायचे. पानगळीत बायका काठीनं जमीन चाचपून बिळं शोधायच्या आणि थोडा घेवडा काढून घ्यायच्या. सगळा नाही. आणि त्या जागी मका ठेवायच्या, नाहीतर चरबीचा तुकडा. "आजी म्हणायची, त्यालाही हिवाळा काढायचाय. कुणी बीळ रिकामं सोडून आली तर आजी परत पाठवायची."

"शानी व्हती तुजी आजी," आई म्हणाली.

मग लोरेटानं विचारलं, अगदी साधेपणानं, "तुम्हाला जी जमीन दिली, ती आधी कुणाची होती?"

मी ते मराठीत करताना अडखळले. हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नव्हता. आम्ही उठवलेले, आमचं बुडालेलं, आम्हाला हिणवलेलं. आमच्याकडून कुणाला काही सोसावं लागलं असेल हे डोक्यातच नाही आलं. आईनं पदरानं तोंड पुसलं.

"हौसाबाईची."

हौसाबाई म्हणजे आमच्या बांधावर येऊन बसणारी म्हातारी. लहानपणी आम्ही तिला बघून पळायचो. आई सांगत गेली आणि मी लोरेटाला सांगत गेले. धरणग्रस्तांना द्यायला म्हणून सरकारनं हौसाबाईच्या घरची जमीन काढून घेतली होती. त्या जमिनीत त्यांचा म्हसोबा, एक शेंदूर लावलेला दगड. ती दरवर्षी न विचारता शेतात यायची आणि दगडाला नैवेद्य ठेवायची. एका वर्षी आजोबांनी दगडाभोवती बाभळीचे काटे लावले. त्यानंतर ती काट्यांच्या बाहेर नैवेद्य ठेवायची आणि बांधावर बसून राहायची.

"कवा बोलली न्हाई आमास्नी. आमी बी न्हाई." आई थांबली. "काटं अजून हायती."

 लोरेटानं सुईत दोरा ओवला आणि गोधडीचं एक टोक आईच्या मांडीवर सरकवलं. संध्याकाळपर्यंत दोघी शिवत बसल्या. जाताना आईनं लुगड्याच्या हिरव्या काठाचा तुकडा उसवून तिच्या हातात दिला. लोरेटा नको म्हणाली नाही.

पुढच्या वर्षी तिच्या भावाचा फोन आला. तिकडे सलग दुष्काळ पडला होता आणि धरणाचं पाणी उतरत चाललं होतं. "आजीच्या घराचे दगड वर आलेत," तिनं मला मैदानाच्या कडेला सांगितलं, अनवाणी. "मी चालले." करार संपत होताच, तिनं पुढं वाढवून घेतला नाही. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती. निकाल लागेल तेव्हा ती इथं नसणार हे दोघींना कळत होतं.

दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या तिच्या फ्लॅटवर आम्ही निरोपाला जमलो. वर्गणी काढून तिच्यासाठी सोनेरी कॉफीपात्र घेतलं होतं. तिनं ते कौतुकानं घेतलं आणि बिल्डिंगच्या वॉचमनला देऊन टाकलं. मग एकेकाला बोलावून घरातलं सगळं वाटायला लागली. कढई, दिवा, पुस्तकं, पडदेसुद्धा. बाया "नको नको" करत भिंतीला टेकल्या. मी ओरडले, "घ्या गं! नको म्हणू नका!" फरीदाच्या हातात मण्यांचे झुबे पडले तेव्हा ती रडत हसत म्हणाली, "हाय अल्ला, मी नुसतं छान म्हटलं होतं गं, तेही कधीचं!"

शेवटी मला आत बोलावलं. खाटेवर तारा पसरलेला होता. लाल, पिवळा, पांढरा, आणि सगळ्यात बाहेरच्या ओळीत आमच्या बुडीतातल्या लुगड्याचा हिरवा. नको म्हणायचं नाही हे मी आता शिकले होते. मी दोन्ही हात पुढं केले.

"ही तुला नाही," ती म्हणाली.

माझे हात तसेच राहिले.

"आमच्यात ज्याचा मान असतो तो घेत नाही. तो देतो. तू पास हो आणि ही दे. कुणाला ते तू आणि तुझी आई ठरवा." मग ओठ पुढं काढून तिनं खिडकीकडे, समुद्रापलीकडे, आमच्या गावाच्या अंदाजानं दाखवलं. "बीळ रिकामं सोडू नका."

विमानतळावर मी आणि विलास सोडायला गेलो. इतकी वर्षं राहिलेली बाई आणि हातात एक लहान पिशवी. दारापाशी तिनं माझ्या पर्समधून डोकावणारं पुस्तक पाहिलं आणि विचारलं, "आज कुठलं पान?" मी सांगितलं. ती म्हणाली, "टोक्शा." त्यांच्या भाषेत निरोपाचा शब्दच नाही, फक्त ‘नंतर’ आहे. मी म्हटलं, आम्हीही जाते म्हणत नाही, येते म्हणतो. "येते," ती मराठीत म्हणाली, आणि वेणी पाठीवर टाकून गर्दीत गेली. काच होती म्हणून बराच वेळ दिसत राहिली.

मैदानाच्या त्या कोपऱ्याकडे मी अजूनही रोज बघते. काही सांगावंसं वाटलं की पाय आपोआप तिकडे वळतात.

निकाल लागला त्या सुट्टीत मी गावी गेले. काही ठरवायचं उरलंच नव्हतं. आईनं आधीच सकाळी कोयता घेऊन म्हसोबाभोवतीचे काटे काढायला सुरुवात केली होती. शेंगांतलं बी पडून तिथं बाभळीच उगवल्या होत्या. आम्ही दोघी दुपारपर्यंत तोडत होतो. हौसाबाई बांधावरून बघत होती. काम झालं तेव्हा आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि तिनं कोयता खाली ठेवला, पदर सारखा केला. शेवटी म्हणाली, "वयनी, लेक बी.ए. झाली. तिच्या हातनं घ्या."

मी गोधडी तिच्या खांद्यावर पांघरली. हौसाबाईनं काठाला हात लावून बघितलं. "नको गं, कशाला," म्हणाली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा नाही म्हणाली. मग उठली, आमच्या शेतातून चालत आत गेली, आणि दगडापाशी बसली. जमीन तिची परत झाली नाही. ते आमच्या हातात नव्हतं, आणि असतं तर आम्ही केलं असतं का, तेही मला सांगता येणार नाही.

मी फोटो पाठवला. दोन दिवसांनी लोरेटाचा आला. मागं राखाडी पाणी खूप दूर गेलेलं, भेगाळलेला चिखल, आणि चौकोनात मांडलेले काही दगड. त्या चौकोनाच्या आत ती उभी आहे, अनवाणी, वाऱ्यानं वेणी आडवी झालेली. दगडांच्या एका कोपऱ्याकडे ओठ पुढं काढून ती काहीतरी दाखवते आहे. नीट बघितलं तर दिसतं. तिथं मक्याचं एक कणीस ठेवलंय.

मी बी.ए. पास झाले. आमच्या घरातली पहिली. पाचवी ‘बी’ला ‘पश्चिमेकडे विस्तार’ हा धडा आता मी शिकवते. म्हसोबाभोवती काटे नाहीत, आणि हौसाबाई वाटेनं जाताना आमच्या घरी चहा घेऊन जाते.